‘नक्कल’ शब्दाचे दोन अर्थ आणि इम्युलेटरविषयक कायदा

बारामती किंवा इंदापूर येथील तहसील कचेरीत अर्ज केला असता जुन्या फेरफाराची ‘नक्कल’ मिळते. त्याच तालुक्यांतील एखाद्या गावी बहुरूपी आला, म्हणजे तो फौजदाराची ‘नक्कल’ करतो. पहिल्या नकलेत मूळ मजकूर अक्षरशः उतरतो. दुसरीत मुळातील काहीच उचललेले नसते. केवळ वागण्याची रीत निरीक्षणाने साधलेली असते. मूळ अरबी असलेल्या या शब्दाने मराठीत सामावून घेतलेला हा भेद व्हिडिओ गेमच्या इम्युलेटरसंबंधीचा कायदा समजण्यास उपयोगी पडतो.

कन्सोल हे खेळांसाठीच घडविलेले यंत्र होय. त्यावरील खेळ त्याच यंत्राला कळणाऱ्या आज्ञांत बांधलेले असतात. इम्युलेटर ही त्या आज्ञांचा अर्थ साध्या संगणकाला सांगणारी दुभाषी आज्ञावली. दुभाष्याने परकी भाषा शिकणे हा अपराध नव्हे. मात्र कन्सोलमधील मूळ आज्ञावली किंवा खेळ उतरवून वाटणे, ही कचेरीतील अर्थाची नक्कल ठरते. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येही हाच भेद अनुस्यूत आहे. स्वतंत्रपणे रचलेली आज्ञावली इतर आज्ञावलींशी जुळवून घेण्यास आवश्यक, पण अन्यथा सहज न मिळणारी माहिती मिळविणे, तसेच आज्ञावलीच्या कार्याचे निरीक्षण व अभ्यास करणे, यांस तेथे मुभा आहे. अमेरिकेतही सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात २००० साली अपील न्यायालयाने अभ्यासापुरती केलेली प्रत न्याय्य मानली.

तथापि आजचे खेळ कुलूपबंद असतात, आणि किल्ली ही दोन्ही अर्थांच्या बाहेरची वस्तू आहे. २०२४ साली निन्टेन्डो कंपनीने ‘युझू’ या इम्युलेटरच्या कर्त्यांवर दावा लावला, तो मुख्यतः कुलूप उघडण्यावरून. २४ लक्ष डॉलर देण्याच्या तडजोडीने तो आठवडाभरात मिटला. अर्थात नकलेच्या वैधतेचा निर्णय झालाच नाही.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास व दंड सांगते. ‘हेतू’ हा शब्द अमेरिकी कायद्यातील संबंधित निषेधात नाही. म्हणून आपला कायदा सौम्य वाटतो. परंतु वैध कारणासाठीही दुसऱ्यास कुलूप उघडण्यास जो साहाय्य करील, त्याने त्या व्यक्तीचे नाव, पत्ता इत्यादींची संपूर्ण नोंद ठेवावी, अशी अट त्याच कलमात आहे. कोणासही उतरवून घेता येईल अशी किल्लीची सोय इम्युलेटरसोबत मोकळी ठेवणाऱ्यास ही अट पाळणे जवळजवळ अशक्य होय.

बारामती-इंदापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. बारामतीत बसून लिहिलेली आज्ञावली अमेरिकी कंपनीच्या भांडारात ठेवताच तिला तेथील कठोर कायद्याचीही झळ पोहोचू शकते. स्वतः रचलेल्या दुभाष्यापाशीच थांबावे, निरीक्षणांच्या दिनांकित नोंदी ठेवाव्यात. मूळ आज्ञावली, खेळ व किल्ल्या यांचे वाटप करू नये. बहुरूप्याने फौजदाराची ऐट खुशाल घ्यावी. चावडीच्या किल्ल्या घेऊ नयेत.