टेस्ट बरोबर, मेसेज उलटा!

प्रोग्रॅम एकदा रन झाला की आपण खूश! पण प्रत्येक छोट्या फंक्शनची वेगळी परीक्षा घेणं म्हणजे युनिट टेस्टिंग. जावामध्ये हे काम जेयुनिट करतं. केंट बेक आणि एरिख गामा यांनी १९९७ मध्ये झुरिक ते अटलांटा विमानप्रवासात त्याची सुरुवात केली.

टूल कितीही छान असो, त्याचं डॉक्युमेंटेशन अर्धवट असेल तर नवशिक्याची पंचाईत होते. 'असर्टइक्वल्स'चंच बघा. त्यात आधी अपेक्षित उत्तर द्यायचं, मग प्रत्यक्ष आलेलं. क्रम उलटा झाला तरी टेस्टचा निकाल तोच लागतो. पण नापास झाल्यावर मेसेज खोटं बोलतो. हवे होते ५, आले ४, आणि मेसेज म्हणतो की ४ हवे होते, ५ आले! मग आपण भलतीकडेच चूक शोधत बसतो.

दुसरी भानगड व्हर्जनची. जेयुनिट ४ मध्ये आपला मेसेज सर्वात आधी लिहायचा, २०१७ मध्ये आलेल्या जेयुनिट ५ मध्ये सर्वात शेवटी. जुनं उदाहरण कॉपी केलं आणि तिन्ही गोष्टी स्ट्रिंग असल्या, तर कंपायलर गप्प राहतो आणि चक्क मेसेजचीच उत्तराशी तुलना होते.

म्हणून डॉक्युमेंटेशनमध्ये तीन गोष्टी हव्यातच: व्हर्जन नंबर, पूर्ण चालणारं उदाहरण आणि मुद्दाम नापास केलेली एक टेस्ट, तिच्या मेसेजसकट. उदाहरणंही तपासलेली हवीत. पायथॉनचं डॉकटेस्ट तर माहितीत लिहिलेली उदाहरणंच रन करून बघतं.

फायनल इयरच्या प्रोजेक्टला असं एक पान जोडून बघा. ज्युनियर्स नक्की दुवा देतील!