ओट्यापाशी पोचलेलं गाणं

पुण्याच्या तपकीर गल्लीत वायर, स्विच, पंखे आणि एलईडीच्या माळांच्या गर्दीतून वाट काढत एक सत्तरीचे गृहस्थ हॉलसाठी मोठे स्पीकर बघायला आले होते. घरातली स्पीकरची जोडी चाळीस वर्षांची झाली होती आणि मुलानं वाढदिवसाला पैसे पाठवले होते. शेजारी वायर मोजून घेत असलेल्या एका तंत्रज्ञानं सहज विचारलं, “काका, घरात गाणं जास्त कोण ऐकतं?”

“ही ऐकते. पण ती तर स्वयंपाकघरात असते.”

काका हे अगदी साधेपणानं बोलून गेले. त्या दिवशी दुकानातून मोठे स्पीकर गेले नाहीत. गेलं ते वायरीचं वेटोळं, आणि पुढच्या आठवड्यात सहकारनगरमधल्या त्यांच्या जुन्या सोसायटीत स्वयंपाकघरापर्यंत गाणं नेण्याचं काम प्रत्यक्ष पाहायलाच हवं असं मला वाटलं, तेही काकांच्या त्या वाक्यामुळे.

घरातल्या संगीताच्या यंत्रणेची सगळी मांडणी एका खुर्चीभोवती झालेली आहे. १९५८ पासून स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा त्रिकोण साधला की गायक मधोमध उभा असल्यासारखा वाटतो, हे तेव्हापासून शिकवलं गेलं. त्या त्रिकोणाच्या टोकाला बसायचं म्हणजे हातात काम नसावं लागतं. त्याआधीच्या रेडिओचीही कथा फार वेगळी नव्हती. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ लागायचं, तेव्हा घरात रेडिओ असलाच तर एक, आणि तो बाहेरच्या खोलीत. आत चुलीपाशी पोचायचं ते भिंतीनं आणि दारानं जेवढं सोडलं तेवढं. अनेक खोल्यांत गाणं वाजवण्याची सोय श्रीमंती हौस म्हणून विकली जाते, छतात बसवलेल्या गोल स्पीकरांच्या चकचकीत फोटोंसकट. खरं तर तिची पहिली गरज ओट्याला आहे.

काकांच्या हॉलमध्ये जुन्या पद्धतीचा, जुळणी करून घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर होता. मागे काळ्या पंखांसारख्या उष्णताशोषकावर ३०५५ क्रमांकाचे ट्रान्झिस्टर. सत्तर-ऐंशीच्या दशकात आपल्याकडे हौशी लोकांनी आणि छोट्या कारखान्यांनी बनवलेल्या कितीतरी अ‍ॅम्प्लिफायरांत हेच ट्रान्झिस्टर असत. तंत्रज्ञानं झाकण उघडून धूळ झटकली, दोन फुगलेले कपॅसिटर बदलले आणि निकाल दिला, “हा चांगला आहे. हा राहणार.”

एकदा मात्र तो जळून दुरुस्त झाला होता. कोणीतरी स्वयंपाकघरात आणि बेडरूममध्ये आणखी स्पीकर लावून त्यांच्या वायरी थेट याच अ‍ॅम्प्लिफायरला जोडल्या होत्या. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की अ‍ॅम्प्लिफायरला ४ ओहम दिसतात, चार जोडले की २. रोध निम्मा झाला की प्रवाह दुप्पट मागितला जातो, आणि ट्रान्झिस्टर तापत तापत जातात. शाळेत, देवळात, रेल्वे स्थानकावर एका अ‍ॅम्प्लिफायरवर डझनावारी भोंगे चालतात ते वेगळ्या रीतीनं. तिथे आवाज १०० व्होल्टच्या लाइनवर पाठवतात आणि प्रत्येक भोंग्यापाशी छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. दाब जास्त म्हणून प्रवाह कमी, आणि प्रवाह कमी म्हणून लांबवर बारीक वायर पुरते. ‘आहुजा’च्या ज्या अ‍ॅम्प्लिफायरांवर आपले गणेशोत्सव पार पडले, त्यांतल्या अनेकांच्या पाठीवर त्या १०० व्होल्टच्या जोडणीची खूण असते. घोषणेला ती रीत उत्तम, पण घरात ऐकायच्या ख्यालासाठी तंत्रज्ञ ती वापरत नाही. त्याचा मार्ग असा, की प्रत्येक खोलीचा अ‍ॅम्प्लिफायर त्या खोलीतच ठेवायचा आणि खोल्यांमधून फक्त आवाजाचे डिजिटल आकडे पाठवायचे.

आकडे पाठवण्याचं काम तळहाताएवढ्या रास्पबेरी पाय संगणकावर होतं. एक हॉलमध्ये जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे, एक स्वयंपाकघरात माळ्यावर. त्यांवर चालणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याचा इतिहास लक्षात ठेवण्याजोगा आहे. स्लिम डिव्हाइसेस नावाच्या छोट्या अमेरिकन कंपनीनं २००१ मध्ये घरातल्या जाळ्यावरून गाणी वाजवणारी पेटी काढली. २००६ मध्ये लॉजिटेकनं ती कंपनी घेतली आणि २०१२ मध्ये त्या पेट्या बनवणं थांबवलं. पण सॉफ्टवेअर खुलं होतं. वापरणाऱ्यांनी ते जिवंत ठेवलं, आणि आज ते ‘लिरियन’ या नावानं चालू आहे. कंपनीच्याच हातात राहिलेल्या यंत्रांचं नशीब वेगळं. अशीच गाणी वाजवणारा गूगलचा क्रोमकास्ट ऑडिओ २०१५ मध्ये आला आणि २०१९ च्या सुरुवातीलाच त्याचं उत्पादन बंद झालं. या क्षेत्रात नाव कमावलेल्या सोनोसनं मे २०२४ मध्ये नवं अ‍ॅप आणलं, तेव्हा लोकांच्या रोजच्या वापरातल्या काही सोयी एका रात्रीत नाहीशा झाल्या. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना जाहीर माफी मागावी लागली आणि जानेवारी २०२५ मध्ये ते पायउतार झाले. स्पीकर धडधाकट, तांबं धडधाकट, आणि फोनवरचं एक बटण गेलं म्हणून घर मुकं. चाळीस वर्षं चाललेल्या अ‍ॅम्प्लिफायरसमोर बसून हे ऐकताना, वस्तू घेणाऱ्याचा हक्क किती हलक्या हातानं काढून घेतला जातो ते टोचतं.

“पेटी कधीही बदलता येते,” तंत्रज्ञ म्हणाला. “भिंतीतली वायर आधी नीट घालू.”

वायर घालण्यात अख्खी सकाळ गेली. वाय-फायवर भागेल का, असं काकांनी विचारलं होतं. त्यावर तंत्रज्ञानं फोनवर स्वयंपाकघरात गाणं लावलं आणि काकूंना मायक्रोवेव्हमध्ये वाटीभर पाणी तापवायला सांगितलं. मायक्रोवेव्ह सुरू होताच गाणं अडखळू लागलं, थांबलं, पुन्हा पुढे पळालं. मायक्रोवेव्हच्या लहरी २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आणि घरातलं जुनं वाय-फायही त्याच पट्ट्यातलं. दाराच्या फटीतून निसटणारी अत्यल्प ऊर्जासुद्धा त्या दुबळ्या संदेशाला भारी पडते. शिवाय मध्ये बीम, फ्रीज आणि स्टीलच्या डब्यांनी भरलेली मांडणी. काकूंना इतकी वर्षं वाटत होतं की त्यांच्या फोनमध्येच काही दोष आहे.

भिंतीला झिरी मारायची नव्हती. रंग नुकताच दिला होता. केबल टीव्हीची जुनी वायर ज्या पाइपातून गेली होती, तोच पाइप वापरायचा ठरला. जुन्या वायरीच्या टोकाला नवी कॅट-सिक्स केबल पक्की बांधायची, सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळायची आणि पलीकडून जुनी ओढत न्यायची. तंत्रज्ञासोबतचा विशीतला पोरगा हॉलमध्ये केबल सोडत होता, तंत्रज्ञ स्वयंपाकघरात स्टुलावर उभा राहून ओढत होता. वळणावर केबल अडली. ओढली तर सांधा सुटणार, आणि सुटला की दोन्ही वायरी हातच्या गेल्या.

“थांब. ढकलू नकोस. पावडर दे.”

पोरानं पिशवीतून टाल्कम पावडरचा डबा काढला, केबलवर हात फिरवत पावडर चोळली आणि पाइपाच्या तोंडात फुंकली. सगळं घर पावडरीच्या वासानं भरून गेलं. तोच वास तबल्याच्या बैठकीतही असतो. वादक बोटांना पावडर लावतो तीही हात अडू नये म्हणूनच. त्यानंतर केबल हळूहळू सरकत आली. एक हात, दोन हात. जुनी काळी वायर बाहेर पडत होती, तिच्यामागे निळी केबल, आणि पोराचे कोपरापर्यंत पांढरे हात. त्या घराची आठवण निघाली की आधी तो वास येतो.

विजेची तार त्या पाइपात नाही, याची खात्री आधीच करून घेतलेली होती. आवाजाची बारीक तार विजेच्या तारेला लागून लांबवर धावली तर मंद गुणगुण शिरते, आणि सुरक्षेच्या दृष्टीनंही ते गैर.

स्वयंपाकघरात स्पीकर एकच. दोन का नाहीत, तर काकू एका जागी बसत नाहीत. ओटा, सिंक, फ्रीज, पुन्हा ओटा. दोन स्पीकर लावले तर सिंकपाशी फक्त एका बाजूची सतार ऐकू येईल. म्हणून उजवी-डावी बाजू सॉफ्टवेअरमध्येच एकत्र केली. अ‍ॅम्प्लिफायरच्या बाहेरच्या तारा एकमेकींना जोडून हे करायचं नसतं, त्यानं अ‍ॅम्प्लिफायर जातो. जागाही गॅसच्या वर नाही. फोडणीचा तेलकट वाफारा कागदी शंकूवर बसला की वर्षा-दोन वर्षांत आवाज मंदावतो. फ्रीजच्या वरचा कोपरा मिळाला. माळ्यापासून तिथवर अंतर चार मीटर, तेवढ्याला १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर भरपूर झाली.

मग दोन्ही खोल्यांत एकच गाणं लावलं, आणि ते वाईट वाजलं. आवाज स्वच्छ होता, पण गायक दोन होते. एक हॉलमधला, दुसरा त्याच्या पाठोपाठ येणारा.

इथून पुढे तंत्रज्ञाची चाल बदलली. तो दोन खोल्यांच्या मधल्या उंबरठ्यावर जाऊन उभा राहिला आणि पोराला म्हणाला, “तबला लाव. नुसता ठेका.” तानपुरा किंवा व्हायोलिन लावलं तर चूक लपते, कारण त्यांचे सूर एकात एक मिसळतात. तबल्याच्या किनारीवरची थाप सुईसारखी टोकदार असते. ती दोनदा पडली की कान लगेच सांगतो.

“चौतीस सेंटिमीटर, एक मिलिसेकंद,” तो म्हणाला. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, त्याचाच हा हिशेब. दिवसभर तो आकडा त्याच्या तोंडी होता. टेप पसरतानाही तो सेंटिमीटर वाचून मिलिसेकंद बोलायचा.

हेल्मुट हास या जर्मन शास्त्रज्ञानं १९४९ मध्ये ग्यॉटिंगेनला यावर प्रबंध लिहिला. एकच आवाज दोन ठिकाणांहून आला आणि दुसरा तीस-चाळीस मिलिसेकंदांच्या आत पोचला, तर कान दोन्ही एकत्र करतो आणि सगळा आवाज पहिल्या दिशेनंच आला असं मानतो. बोलण्याला आणि गाण्याला ही सवलत मिळते. टिचकीसारख्या आवाजाला ती फार कमी, पाच मिलिसेकंदांच्या आसपास. तबल्याची परीक्षा म्हणूनच कडक.

उंबरठ्यावर दोन्ही थापांमध्ये २४ मिलिसेकंदांचं अंतर निघालं. फोनवर ध्वनिमुद्रण करून त्यानं पडद्यावरची दोन शिखरं मोजली. माळ्यावरचा छोटा डिजिटल अ‍ॅम्प्लिफायर आवाज बाहेर सोडण्याआधी तेवढा वेळ स्वतःपाशी ठेवत होता. सॉफ्टवेअरमध्ये हॉलला तेवढंच थांबवलं. थाप एक झाली.

काका म्हणाले, “झालं की.” झालं नव्हतं, कारण काकू उंबरठ्यावर राहत नाहीत.

“काकू, तुम्ही कुठं उभ्या असता ते दाखवा.”

त्या ओट्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि लगेच म्हणाल्या, “इथं जाड वाजतंय.” स्वयंपाकघरातला स्पीकर त्यांच्यापासून दीड मीटरवर, हॉलमधले आठ मीटरवर. साडेसहा मीटरांचा फरक. चौतीस सेंटिमीटर, एक मिलिसेकंद. म्हणजे हॉलचा आवाज १९ मिलिसेकंद उशिरा. ‘जाड’ हा शब्द कुठल्या पुस्तकात नाही, पण मोजमापानं तोच खरा ठरवला.

स्वयंपाकघराला १९ मिलिसेकंद थांबवलं तर ओट्यापाशी सगळं जुळेल, पण हॉलमधल्या काकांच्या खुर्चीत स्वयंपाकघराचा आवाज ३५ मिलिसेकंद मागे पडेल आणि प्रतिध्वनी ऐकू येऊ लागेल. आजवर असा प्रश्न आला की खुर्चीच्या बाजूनं सुटायचा. तंत्रज्ञानं १० मिलिसेकंद दिले. खुर्चीत २६, ओट्यापाशी ९. काकूंनी ठेका पुन्हा ऐकला, मग त्यांच्या आवडीचं नाट्यगीत लावायला सांगितलं आणि भाजी चिरायला घेतली. त्या सुरी थांबवून ऐकत नव्हत्या. तंत्रज्ञानं तीच पावती धरली आणि आकडा तसाच ठेवला.

तरी अर्धा तास तो निघाला नाही. प्रत्येक पेटीतलं स्फटिकाचं घड्याळ किंचित पुढे-मागे चालतं. दशलक्षात ५० चा फरक म्हणजे मिनिटाला ३ मिलिसेकंद. अर्ध्या तासाच्या ख्यालात ९० होतात आणि विलंबितात जुळलेलं घर द्रुतात फाटतं. सॉफ्टवेअर दोन्ही पेट्यांना सतत विचारत राहतं, कुठवर आलात, आणि पुढे गेलेलीला क्षणभर रोखतं. ते नीट होतंय का, हे ऐकायला तो उंबरठ्यावर उभा राहिला, डोळे मिटून, चहा थंड होऊ देत. कंपन्यांच्या पत्रकांत या अर्ध्या तासाचा उल्लेख नसतो आणि बिलातही तो वेगळा धरला जात नाही. कामाचा जीव मात्र त्यातच होता.

मग त्यानं एका कागदावर सगळं लिहिलं. कुठली केबल कुठून गेली, कुठल्या पेटीला किती मिलिसेकंद, सॉफ्टवेअरची प्रत कुठल्या मेमरी कार्डावर. कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, म्हणजे उद्या दुसरा कोणी आला तरी अडायला नको. बेडरूमसाठी पाइपात एक केबल जास्तीची ओढून ठेवली होती. तिथे काय लावायचं ते मुलगा दिवाळीला आल्यावर ठरणार होतं.

जाताना काकूंनी विचारलं, संध्याकाळच्या मालिकेचा आवाजही इथं येईल ना? तो थांबला. गाणं आधी थोडं साठवून मग सोडलं जातं, म्हणून ते जुळवता येतं. टीव्हीचा आवाज याच वाटेनं आणला तर तो ओट्यापाशी उशिरा पोचेल आणि हॉलमधल्या टीव्हीशी भांडेल. त्यासाठी टीव्हीपासून थेट वायर हवी.

“मग आहे का पाइपात जागा?” काकूंनी विचारलं. पोरानं पिशवी खाली ठेवली आणि पावडरचा डबा पुन्हा बाहेर काढला.