दावे कोणी सोडावे?

सन २०१९ च्या ऑगस्ट महिन्यात कृष्णा व पंचगंगा या नद्यांना महापूर आला आणि सांगली व कोल्हापूर जिल्ह्यांतील अनेक गावे जलमय झाली. नावा दाराशी आल्या, तरी कित्येक शेतकऱ्यांचा पाय घरातून निघेना. कारण गोठ्यात गाई-म्हशी होत्या. गुरांची सोय आधी केलेली नसली, म्हणजे माणसांचाही जीव असा धोक्यात येतो.

गाय-म्हैस पोहू शकते. परंतु दाव्याला बांधलेले जनावर पाणी चढताच जागीच बुडते. म्हणून गावाने काही गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्यात. गुरे कोणत्या उंच माळावर न्यावयाची? तेथे वैरण व पिण्याचे पाणी कोण पोहोचविणार? वृद्धांच्या गोठ्यातील दावी कोण सोडणार? घटसर्प व फऱ्या या रोगांच्या लसी पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्याव्यात. गुरांच्या कानातील बिल्ल्यावर १२ अंकी क्रमांक असतो. तो वहीत टिपून ठेवावा, म्हणजे चुकलेले जनावर ओळखणे सोपे जाते. घरच्या कुत्र्यामांजरांचाही विसर पडू नये.

मुलांनो, मुके जनावर स्वतःचे दावे सोडू शकत नाही. पाणी चढण्यापूर्वी ते सोडणे, हे माणसाचेच काम आहे.