डक्टपासून भिंतीपर्यंत

1933 साली मुंबईत कुलाब्याला रीगल चित्रपटगृह उघडलं तेव्हा यंत्राचा गारवा चारचौघांत बसूनच मिळायचा. 1938 मध्ये मेट्रो आणि इरॉस आले. शेकडो माणसं एका छताखाली बसणार म्हटल्यावर सेंट्रल एसीच हवा, हे तेव्हा खरं होतं आणि आजही आहे.

घरात मात्र सेंट्रल कधी रुजलं नाही. अमेरिकेत हिवाळ्यातल्या उबेसाठी अनेक घरांत हवा खेळवणारे डक्ट आधीच होते. उन्हाळ्यात त्यांतूनच गार हवा सोडता आली. आपल्याकडे वर सपाट स्लॅब. डक्ट घ्यायचा तर फॉल्स सीलिंगखाली उंची गमवायची, आणि डक्ट तापलेल्या पोकळीतून गेला की थंडावा वाटेतच गळणार. शिवाय आपण बिलाकडे बघून एकच खोली गार करतो, तीही झोपण्यापुरती. खिडकीच्या एसीने ही गरज ओळखली, स्प्लिटने ती नीट भागवली. खिडकी मोकळी झाली, कॉम्प्रेसरची घरघर बाहेर गेली. 2010 पासून एसीवर स्टार लेबल सक्तीचं झालं, पुढे इन्व्हर्टर आला आणि घरापुरता सेंट्रल की स्प्लिट हा वाद संपला. माझ्या मते निकाल योग्यच लागला.

स्प्लिट बसवताना खरं काम पाइपांसाठी भिंतीत पाडायच्या भोकाशी असतं. ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडावं लागतं. मुंबईच्या दमट हवेत रात्रभरात बादलीभर पाणी निघतं. उतार चुकला की ते आत झिरपतं आणि रंगाला पोपडे येतात. एसी घेताना टनांची चौकशी सगळे करतात, उताराची कुणी करत नाही.

एक गोष्ट मात्र या वाटचालीत हातची सुटली. चांगल्या सेंट्रलमध्ये बाहेरची ताजी हवा आत घेण्याची सोय असते. नागपूरचा कूलर तर बाहेरचीच हवा ओढतो, म्हणून तो लावला की दार-खिडकी किलकिली ठेवतात. साधा स्प्लिट खोलीतलीच हवा फिरवत राहतो. बंद खोलीत चौघं झोपली की सकाळी डोकं जड होतं ते यामुळेच. 2020 च्या साथीत खिडक्या उघडा म्हणून सांगावं लागलं, तेव्हा ही उणीव सगळ्यांना दिसली. त्यानंतर तरी बेडरूमच्या नकाशात ताज्या हवेची वाट यायला हवी होती. नव्या इमारतींत आउटडोअर युनिट ठेवायला कठडे काढून देतात, पण झोपायच्या खोलीला साधा एक्झॉस्ट पंखा मागितला तर बिल्डर आजही विचारतो, कशाला?