जखम बरी झाली; मार थांबला का?

सोमवारी सकाळी आमच्या दवाखान्यात नेहमीपेक्षा गर्दी असते. आदल्या दिवशीचा आठवडी बाजार, हाती पडलेली आठवड्याची मजुरी आणि त्यातून झालेली पिणी, या साऱ्यांचा हिशेब सोमवारी डॉक्टरच्या टेबलावर येतो. कुणी मोटारसायकलवरून घसरलेला असतो, कुणाचे भांडणात डोके फुटलेले असते. आणि एक-दोन बाया हमखास असतात, ज्या फक्त ‘पडले’ एवढेच सांगतात.

गेली तीस वर्षे मी जालना जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी व्यवसाय करतो. या काळात मी किती टाके घातले याची मोजदाद नाही. मात्र पहिली पंधरा-सोळा वर्षे मी एक प्रश्न कधी विचारला नाही. तो म्हणजे, ‘हे कुणी केलं?’ डॉक्टरने जखम पाहावी, घरातल्या गोष्टीत नाक खुपसू नये, असे मला वाटत असे. वाचकहो, या समजुतीची किंमत मी मोजली नाही, एका पेशंटने मोजली. म्हणून आजचा लेख.

ती बाई वर्षभरात तीनदा आली. पहिल्यांदा उंबऱ्याला ठेचकाळून पडले म्हणाली, तेव्हा भुवईवर तीन टाके पडले. दुसऱ्यांदा न्हाणीत घसरले म्हणाली, तेव्हा हाताला सूज होती. तिसऱ्यांदा कुठेच जखम नव्हती. आवाज बसला होता, घोट गिळताना दुखत होते. नवरा शेजारी उभा होता आणि उत्तरे तोच देत होता. मी घसा पाहिला, गुळण्या सांगितल्या, गोळ्या लिहून दिल्या. त्याच रात्री तिला श्वास घेता येईना. भावाने जीप करून तिला औरंगाबादला (आजचे छत्रपती संभाजीनगर) नेले. ती वाचली. गळा दाबला गेल्यामुळे आतून सूज चढत गेली होती, हे मला नंतर कळले. घशाचा आजार समजून मी जे औषध दिले, ते तिच्या दुखण्यावर नव्हतेच.

वहीचे एक पान

त्यानंतर काही महिन्यांनी, २०१२-१३ च्या दुष्काळात, आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका दवाखान्यात आल्या. शिक्षण सातवीपर्यंत, पण हिशेबाला पक्क्या. हातात शाळकरी मुलांची चाळीस पानी वही. म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, मारामारीचे पेशंट तुमच्याकडंच येतात. नावं नका सांगू. कुटं झालं आन् कव्हा झालं, एवढंच सांगा.”

मला प्रथम हे विचित्र वाटले. पण नाव सांगायचे नसल्याने पेशंटची गुप्तता मोडत नव्हती. मी कंपाउंडरला सांगितले, मारामारीच्या प्रत्येक पेशंटला जागा आणि वेळ विचारायची आणि वेगळ्या पानावर लिहायची. तीन महिन्यांत जे दिसले ते पाहून मी थक्क झालो. गावात सगळीकडे सारखी भांडणे होत नव्हती. बहुतेक जखमा तीन ठिकाणांहून येत होत्या. एक, टँकर यायचा ती पाण्याची टाकी, अंधार पडल्यावर. दुसरे, दारूच्या दुकानापासून बसस्टँडकडे जाणारा दिवा नसलेला रस्ता, रात्री नऊ ते अकरा. आणि तिसऱ्या रकान्यात एकच शब्द होता: ‘घरी’. त्याच्या पुढे सगळ्या बायाच होत्या.

पहिल्या दोन ठिकाणी ताईंनी धडाक्याने काम केले. टँकरची वेळ दिवसाची करून घेतली, हंड्यांना नंबराचे बिल्ले दिले आणि वेळापत्रक टाकीवर चुन्याने लिहून ठेवले. रस्त्यावर दोन दिवे लावून घेतले. भांडणे संपली असे मी म्हणणार नाही. पण त्या टाकीवरून डोके फोडून घेऊन आलेला पेशंट त्या उन्हाळ्यात मी पुन्हा एकदाच पाहिला.

हीच युक्ती साता समुद्रापार एका डॉक्टरने मोठ्या प्रमाणावर करून दाखवली आहे, हे मी पुढे वाचले. ब्रिटनमधील कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड नावाच्या जबड्याच्या सर्जनच्या लक्षात आले की मारहाणीचे पुष्कळ रुग्ण इस्पितळात येतात, पण पोलिसांच्या नोंदीत ते सापडतच नाहीत. त्यांनी इस्पितळात जागा, वेळ आणि हत्यार यांची नावाविना नोंद सुरू केली. ती माहिती पोलीस आणि नगरपालिका यांच्याबरोबर बसून वापरली. मारहाणीमुळे इस्पितळात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण तेथे दरमहा लाख वस्तीमागे ७ वरून ५ वर आले. तुलनेसाठी घेतलेल्या इतर शहरांत ते ५ वरून ८ वर गेले होते. हा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. आमच्या ताईंनी त्याचे नावही ऐकलेले नव्हते.

पण तिसऱ्या रकान्याचे काय? घरात दिव्याचा खांब कसा लावणार?

पाण्यापासून घरापर्यंत

येथे मला मृणाल गोरे यांची आठवण होते. ‘पाणीवाली बाई’ म्हणून त्यांना साऱ्या महाराष्ट्राने ओळखले. त्या मूळच्या वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थिनी. चळवळीसाठी त्यांनी ते शिक्षण सोडले. १९६१ साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या आणि गोरेगावच्या वस्त्यांच्या पाण्यासाठी लढल्या. पुढे त्या विधानसभेत गेल्या, लोकसभेत गेल्या. २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पाण्याचे काम सर्वांना ठाऊक आहे. पण गोरेगावातच १९८० च्या दशकात त्यांच्या पुढाकाराने ‘स्वाधार’ हे केंद्र उभे राहिले, हे थोड्यांना माहीत असते. छळ सोसणाऱ्या, घराबाहेर काढलेल्या बायकांनी तेथे यावे, बोलावे, सल्ला घ्यावा, असे ते ठिकाण.

पाणी आणि मारहाण यांचा संबंध काय, असे कुणी विचारील. संबंध सरळ आहे. ‘मला नवरा मारतो’ असे सांगायला बाई पहिल्या दिवशी कुणाकडे जात नाही. ती नळाची, रेशनकार्डाची तक्रार घेऊन जाते. जिने नळाचे काम केले तिच्यावर विश्वास बसतो, मग उरलेले बोलते. आमच्या ताईंनीही नकळत हेच केले. दर शुक्रवारी दुपारी एक तास त्या अंगणवाडीच्या ओट्यावर बसू लागल्या. कागदपत्रांसाठी बाया येत. त्यातली एखादी सगळ्या गेल्यावरही बसून राही. ताई म्हणत, “जी उठत नाही, तिलाच खरं काम असतं.”

१९९३ पासून नगरपालिकांत एक तृतीयांश आणि २०११ पासून महाराष्ट्रात निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. ‘सही बाईची, कारभार नवऱ्याचा’ अशी चेष्टा आपण करतो. ती कुठे कुठे खरीही असते. पण ज्या वॉर्डात बाई स्वतः बसते, तेथे ओट्यावर काय बोलले जाते हे एकदा जाऊन पाहावे.

डॉक्टरांनी विचारले पाहिजे

दुसरे उदाहरण मुंबई महापालिकेचेच. वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात २००१ साली महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी मिळून ‘दिलासा’ केंद्र सुरू केले. केसपेपरच्या रांगेतच मारहाण ओळखावी, बाईला बाजूला घेऊन बोलावे आणि पुढची मदत द्यावी, यासाठी डॉक्टर आणि नर्स यांना शिकवण्यात आले. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही ही केंद्रे निघाली. बाई पोलीस ठाण्यात जायला घाबरते, पण दवाखान्यात जायला तिला कुणी अडवत नाही, हे त्यामागचे साधे शहाणपण.

हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असा ठराव जागतिक आरोग्य परिषदेने १९९६ सालीच केला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याचा शारीरिक वा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. म्हणजे दहांत जवळजवळ तीन. एखाद्या रोगाचे प्रमाण एवढे असते, तर आपण गावोगाव शिबिरे घेतली असती.

ओळखावे कसे?

शेजारी, नातेवाईक आणि माझ्या व्यवसायबंधूंनीही या खुणा लक्षात ठेवाव्यात. सांगितलेले कारण आणि जखम यांचा मेळ न बसणे. एकाच अंगावर जुने-नवे वळ असणे. दंडावर बोटांचे ठसे, मार चुकवताना हाताच्या बाहेरच्या बाजूला बसलेले घाव. गरोदरपणात पोटाला मार. जखम होऊन दोन-तीन दिवसांनी दवाखान्यात येणे. नवऱ्याने वा सासूने बाईला बोलूच न देणे. वारंवार डोकेदुखी, झोप न येणे, छातीत धडधड आणि तपासणीत काहीच न सापडणे.

एक गोष्ट ठळकपणे सांगतो. गळा दाबला गेला असेल तर बाहेर एकही खूण नसली तरी धोका असतो. आवाज बसणे, गिळताना त्रास, धाप लागणे, चक्कर वा बेशुद्धी, डोळ्यांत लाल ठिपके, कपड्यात लघवी होणे, यातले एकही लक्षण असेल तर गुळण्या करीत बसू नका. तडक मोठ्या रुग्णालयात न्या. सूज काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही वाढते.

काय करावे?

दवाखान्यात खरे कारण सांगा आणि केसपेपर जपून ठेवा. जखम कुठे, केवढी, कशाने झाली, हे डॉक्टरांनी त्यावर लिहिलेले असावे. उद्या तोच कागद तुमचा साक्षीदार होतो. तातडीची मदत ११२ वर, महिलांसाठी १८१ वर आणि मुलांसाठी १०९८ वर मिळते. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००६ च्या ऑक्टोबरपासून लागू आहे. त्यात केवळ मारहाण नव्हे, तर मानसिक छळ आणि पैशाची कोंडीही येते. त्या घरात राहण्याचा हक्क बाईला त्यातून मागता येतो. यासाठी संरक्षण अधिकारी असतात. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळू शकतो.

आणि आपल्या नगरसेवकाला काय मागावे? गटार आणि रस्ता तर मागाच. त्याबरोबर अंधाऱ्या जागी दिवा मागा, पाण्याची ठरलेली वेळ मागा. महिला व बालकल्याणाच्या निधीतून शिलाई यंत्रे वाटली जातात, त्यातून आठवड्यातून एक दिवस समुपदेशक बसवता येईल का, ते विचारा. दारूच्या दुकानाचा त्रास असेल तर महिलांच्या मागणीवरून मतदान घेऊन ते बंद करण्याची तरतूद राज्यात आहे. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ म्हणतात ती हीच. तिचे सध्याचे नियम राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात समजतील. आता तर जालना शहराचीही २०२३ मध्ये महानगरपालिका झाली आहे. मुंबईच्या महापालिकेने आपल्या इस्पितळात जे केले, ते येथे होऊ नये असे काही नाही.

‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. पण झाकलेल्या मुठीत कुणाचे तरी हाड मोडत असेल, तर ती मूठ उघडलीच पाहिजे.

ताईंची मुदत संपली, पुढे वॉर्ड बदलला, त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. वही मात्र माझ्या टेबलाच्या खणात अजून चालू आहे. ही पाचवी. आणि आता ‘पडले’ म्हणणारी बाई आली की मी बरोबरच्या माणसाला औषध आणायला बाहेर पाठवतो, दार लोटतो आणि विचारतो, “बाई, घरी कुणी हात उगारतं का?” पुष्कळ जणी ‘नाही’ म्हणतात. काही जणी गप्प राहतात. पण काही जणी बोलतात. मागच्या महिन्यात एक म्हणाली, “हे पहिल्यांदाच कुणी विचारलं.”