विकून टाकला, विकून बसला

बसा निवांत, घाई कसली. आज एका अजब प्राण्याची गोष्ट सांगतो. हा प्राणी तुमच्या-माझ्या तोंडातच राहतो, दिवसातून कैक वेळा बाहेर येऊन हुंदडून जातो, आणि तरी कुणाच्या नजरेला पडत नाही. त्याला नीट पाहायचं तर आपल्या लासलगावच्या बाजार समितीत, लिलाव संपल्यावर चहाच्या टपरीशी उभं राहायचं आणि कान उघडे ठेवायचे.

समजा, पाच शेतकऱ्यांचा उन्हाळ कांदा एकाच दिवशी, एकाच भावानं गेला. पहिला म्हणतो, "विकला कांदा." बातमी कळली, संपलं. दुसरा म्हणतो, "विकून टाकला एकदाचा," म्हणजे चाळीत कोंब फुटायला लागले होते, वास सुटला होता, आणि गड्याच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. तिसरा जरा मिशीत हसत सांगतो, "विकून घेतला," म्हणजे भाव उतरायच्या आत यानं बेत साधला. चौथा "विकून दिला" म्हणतो, तेव्हा ओळखायचं की माल मेव्हण्याचा होता आणि हा बिचारा नुसता ट्रॅक्टर घेऊन आला होता. आणि पाचवा कपाळाला हात लावून म्हणतो, "विकून बसलो हो!" त्याला पुढं काही विचारू नये. त्याच्या कानावर नुकतंच आलेलं असतं की शेजारच्या बाजारात भाव चढला.

कांदा तोच, लिलाव तोच, क्रियापदही तेच. फक्त मागं एक शेपूट लागलं, आणि माणसाच्या पोटातलं ओठावर आलं. गंमत अशी की या शेपटांना स्वतःचा अर्थच उरलेला नाही. टाकण्यात काही टाकलेलं नाही, घेण्यात काही घेतलेलं नाही, आणि पाचवा गडी तर उभ्या उभ्या विकून बसलेला असतो. व्याकरणवाले याला संयुक्त क्रियापद म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण त्यात ही मौज येत नाही.

आणखी एक खोड बघा. नकार आला की शेपूट बहुधा गळून पडतं. "कांदा विकून टाकलास का?" असं विचारलं, तर उत्तर येतं, "नाही विकला." "नाही विकून टाकला" असं सहसा कुणी म्हणत नाही, जे घडलंच नाही त्याचं सुटल्यासारखं वाटणार तरी काय? अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या पीटर हूक नावाच्या पंडितानं हिंदीतल्या असल्या जोडक्रियापदांवर १९७४ साली आख्खं पुस्तक लिहिलं. आपल्याकडं मात्र टपरीवरच्या पोरालाही हे जन्मापासून येतं, फक्त येतं हे त्याला ठाऊक नसतं. आणि हे काही आपल्या एकट्याचं वतन नव्हे. तमिळ माणूस जेवण उरकलं की 'खाऊन सोडलं' अशा धाटणीचं बोलतो, आणि पार जपानात 'शिमाउ' म्हणजे आवरून ठेवणं हे क्रियापद शेपटासारखं मागं लावतात. त्यातून कधी 'संपवून टाकलं' निघतं, तर कधी 'करून बसलो'ची हळहळ. लासलगावचा पाचवा गडी तोक्योत गेला तरी त्याचं दुःख सांगायची सोय आहे म्हणायची.

आता साहेबाच्या भाषेकडं वळू. इंग्रजीतही क्रियापदांना शेपटं आहेत, पण ती क्रियापदांची नाहीत, दिशांची आहेत: अप, डाऊन, ऑफ, आऊट. 'सेल' म्हणजे विकणं. 'सेल ऑफ' म्हणजे मिळेल त्या भावात विकून टाकणं, 'सेल आऊट' म्हणजे सगळा माल संपणं, आणि माणसाबद्दल म्हटलं तर इमान विकणं. 'सेल अप' म्हणजे घरदार, धंदा सगळं विकून मोकळं होणं. यात 'अप' म्हणजे वर, पण वर काय गेलं? काहीच नाही. आपल्या बसण्यात जितकं बसणं, तितकंच त्यांच्या 'अप'मध्ये वर जाणं. घर जळून खाक झालं तर ते 'बर्न डाऊन', कागद जळून खाक झाला तर 'बर्न अप'. एक खाली जळतं, एक वर जळतं, हाती राख ती राखच.

डॉक्टर सॅम्युअल जॉन्सननं १७५५ साली इंग्रजीचा मोठा कोश काढला, तेव्हा प्रस्तावनेत त्यानं कबूल केलं की परक्या माणसाला आमच्या भाषेत सर्वांत जड जातात ती हीच जोडकामं. तेव्हा तुमचा इंग्रजीचा पेपर अवघड गेला तर फार मनाला लावून घेऊ नका.

सगळ्यांत लबाड तो 'ऑफ'. देवळालीला तोफखान्याचा सराव चालतो, त्याचा दणका कधी कधी पार लांब ऐकू येतो. तोफ उडाली की इंग्रजीत ती 'गोज ऑफ'. घड्याळाचा गजर वाजायला लागला, तोही 'गोज ऑफ'. पण दिवा 'गोज ऑफ' झाला म्हणजे अंधार! आणि दूध 'गोज ऑफ' झालं तर ते नासलं. म्हणजे एकाच शब्दानं तोफ सुरू होते, दिवा बंद पडतो आणि दूध फाटतं. याला काय म्हणावं?

देवळालीचं नाव निघालंच आहे तर हेही ऐका. गोऱ्या शिपायांची तिथली छावणी १८६१च्या सुमाराची. नोकरीची मुदत संपलेले शिपाई तिथं विलायतेला नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत पडून राहायचे. जहाजं हिवाळ्यात सुटायची, त्यामुळं ज्याची पाळी हुकली त्याचे महिनेच्या महिने रिकामे जायचे, वर ऊन आणि ताप, आणि एखाद्याचं डोकं फिरायचं. त्यावरून 'डूलॅली' असा शब्द इंग्रजीत रुजला. आजही विलायतेत एखादी म्हातारी शेजाऱ्याबद्दल "ही हॅज गॉन डूलॅली" म्हणते. आपण म्हणतो वेडा होऊन गेला, ते म्हणतात देवळाली होऊन गेला! 'जाणं' तिथंही आहे, आणि तिथंही कुणी कुठं जात नाही.

आपल्याकडं तर आता दोन्ही जातींची शेपटं एकत्र नांदतात. कांदा ज्या गाडीतून जातो ती 'पिकअप', आजोबांचं 'चेकअप', बँकेचा 'फॉलोअप'. ही सगळी मुळात साहेबाची क्रियापदं, त्यानंच त्यांची नामं केली, आपण ती आणून दावणीला बांधली. विहिरीवरच्या गड्याला आपण सांगतो, "स्टार्टर ऑफ करून टाक रे," म्हणजे इंग्रजी 'ऑफ'च्या मागं मराठी 'टाक'ही लागलं. उलट आपली माणसं इंग्रजी बोलताना 'डिस्कस'ला 'अबाउट' जोडतात. साहेब नाक मुरडतो, पण आपली चर्चा कशाविषयी तरीच होते, मग 'विषयी' सुटणार कसं?

इंग्रजीची एक करामत राहिली. त्यांचं शेपूट तुटून लांब जाऊन पडतं. 'उचल ते' म्हणायला 'पिक इट अप' म्हणावं लागतं, 'पिक अप इट' चालत नाही. पोरांना हे विचित्र वाटतं. पण गोदावरीकाठच्या वेदपाठशाळेत जे म्हटलं जातं त्यात हीच चाल आहे, फक्त तिथं तुकडा क्रियापदाच्या पुढं असतो. प्र, परा, अप, सम् असे बावीस उपसर्ग. पाणिनीनं सांगून ठेवलंय की ते धातूच्या आधी येतात, आणि लगेच पुढच्या दोन सूत्रांत पुस्ती जोडली की वेदात ते मागंही जातात आणि मध्ये दुसरे शब्दही येतात. 'पिक इट अप'ची सख्खी भावंडंच म्हणा ना.

हे उपसर्ग बडे खटपटी. 'गच्छति' म्हणजे जातो, 'आ' लावला की 'आगच्छति', येतो. गेलेला माणूस एका अक्षरात परत! मराठीत येईपर्यंत ते झिजून क्रियापदांच्या पोटात गडप झाले. 'बसणं' हे मूळ उप-विश्, त्यातल्या उपाचा उरला तो नुसता ब. आणि आपला 'विकणं'? तो वि आणि क्री. क्री म्हणजे खरेदी करणं. क्रय-विक्रय म्हणतो ना, त्यातला क्रय. म्हणजे मुळात शब्द घेण्याचा, डोक्याला 'वि' बसला आणि घेण्याचं विकणं झालं.

आणि मग आपल्या लोकांनी काय करावं? 'विकत'च्या मागं 'घेणं' लावलं. लिलावात शेतकरी कांदा विकतो आणि व्यापारी तोच कांदा विकत घेतो. वि-नं खरेदीची विक्री केली होती, घेण्यानं विक्रीची पुन्हा खरेदी करून टाकली, आणि दिवसभर हा उद्योग चालतो तरी एकाही अडत्याच्या हिशोबात पैशाचा घोळ होत नाही.