संगणकावर तालरचना : खर्चाचा क्रम

काही दिवसांपूर्वी एक तरुण खातेदार वैयक्तिक कर्जाची चौकशी करण्यास आला. घरी तालरचना करण्यासाठी त्याला उपकरणे घ्यावयाची होती. यादी पाहता, त्यातील निम्म्या वस्तूंची तूर्त आवश्यकता नव्हती.

तालरचनेचे मुख्य कार्य सॉफ्टवेअर करते. ‘एलएमएमएस’ हे सॉफ्टवेअर विनामूल्य असून विंडोज व लिनक्स या दोहोंवर चालते. पडद्यावर 16 चौकोनांची ओळ दिसते. हव्या त्या चौकोनात ढोलाचा वा टाळीचा ध्वनी ठेवला की ठेका तयार होतो. स्वर वाजविण्यास संगणकाचा कळफलकही चालतो.

पहिला खर्च चांगल्या हेडफोनवर करावा. कारण लॅपटॉपच्या लहान स्पीकरमधून खर्जातील ध्वनी नीट ऐकू येत नाहीत. त्यानंतर 25 पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड घ्यावा. गायन ध्वनिमुद्रित करावयाचे असेल, तरच मायक्रोफोन व ऑडिओ इंटरफेस यांचा विचार करावा.

कर्जाचा हप्ता लगेच सुरू होतो. तालरचनेतून उत्पन्न केव्हा मिळेल, हे मात्र सांगता येत नाही. त्या तरुणास हे पटले. अर्ज न भरता, केवळ हेडफोनपुरती रक्कम आपल्या बचत खात्यातून काढून तो गेला.